जीपचे लाल कॅलिपर काळे का पडले, आणि डिस्कवरचा गंज किती मनावर घ्यायचा

शिरपूरच्या एका भावाने विचारलं आहे. जुनी जीप त्याने दीड वर्ष खपून बांधून घेतली. पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्या, त्याही खाचा पाडलेल्या. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबून धरणारे भाग, लालभडक रंगवले, नटबोल्ट सगळे चकाकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. पहिल्या पावसात डिस्क तांबड्या झाल्या, लाल रंग कातासारखा पडला आणि एका कॅलिपरवरून पापुद्रे सुटायला लागले. आता कोणीतरी सांगितलंय की सगळं क्रोम करून टाक, कटकट मिटेल. त्याचा शेवटचा प्रश्न जसाच्या तसा देतो: "भो, ब्रेक दखाले बी भारी पाहिजे आन लागाले बी. जमी का?"

जमतं. पण क्रोमचा विचार आजच सोडा. का ते पुढे येईलच.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात पंचवीस वर्षं ब्रेकचंच काम केलंय. रंगवलेल्या ब्रेकचं कुठलंही काम आलं की मी गाडीभोवती फिरून तीन जागा बघतो: घासतं कुठे, बसतं कुठे आणि सरकतं कुठे. डिस्कचा पट्टा पॅडला घासतो. डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या गाभ्यावर, बसते, चाक डिस्कवर बसतं. पॅड ब्रॅकेटच्या, म्हणजे कॅलिपर धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत सरकतात, कॅलिपर पिनांवर सरकतो, पॅड ढकलणारा पिस्टन त्याच्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, सरकतो. या जागांना रंग, क्रोम, वॅक्स, पॉलिश काही म्हणजे काही लागता कामा नये. राहिलेलं सगळं अंग तुमचं. तिथे लाल मारा, पिवळा मारा, आमच्या सराफ बाजाराला शोभेल असा सोनेरी मारा.

आधी डिस्क, कारण जास्त घाबरलात तुम्ही तिलाच.

जीपच्या आणि कारच्या डिस्क साध्या राखाडी बिडाच्या असतात. बीड उष्णता पटकन ओढून घेतं आणि पसरवतं, म्हणून ते वापरतात. पण उघडं बीड रात्रभराच्या दवानेही तांबडं होतं. पावसाळी सकाळी गाडी काढताना डिस्कवर हळद-कुंकू सांडल्यासारखं दिसतं ना, तो वरवरचा गंज. बोट फिरवलं तर बोटाला लागतो. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन तीन-चार वेळा ब्रेक दाबा, पॅडच तो पुसून काढतात. त्यासाठी गॅरेजला येऊ नका, मी पैसे घेऊन हेच करणार.

मोटारसायकलची डिस्क तशी तांबडी होत नाही, मग माझीच का, असंही तुम्ही विचारलंय. दुचाकीच्या डिस्क बहुतेक स्टेनलेसच्या असतात, तेही क्रोमियम साधारण १२-१३ टक्के असलेल्या, लोहचुंबक चिकटणाऱ्या जातीच्या. बुलेटला ते चालतं. दीड टनाची जीप घाटात थांबवायची तर उष्णता झटपट बाहेर पडली पाहिजे, आणि स्टेनलेस त्यात बिडाच्या निम्म्याच्या आसपासच आहे. म्हणून जीपला बीडच बरं.

काळजीचा गंज वेगळा असतो. गाडी दोन-तीन महिने शेडमध्ये उभी राहिली, वर्षातून एकदा सारंगखेड्याच्या यात्रेलाच बाहेर निघाली, की पॅड जिथे टेकलेला होता तिथे त्याच्या आकाराचा काळपट ठसा उमटतो. त्याच्या कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर खड्डा पडलाय आणि तो ब्रेक दाबून जाणार नाही. मग डिस्क लेथवर चढवून हलकी फेसिंग मारायची, म्हणजे वरचा थर छिलून सपाट करायचा. त्याआधी डिस्कच्या टोपीवर, म्हणजे मधल्या उंच भागावर, किंवा कडेवर कोरलेली किमान जाडी वाचा, मायक्रोमीटरने आत्ताची मोजा, आणि फेसिंगनंतर जाडी त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर डिस्क बदला. लेथवाला "अजून निघेल की" म्हणतो. त्याला जीप चालवायची नसते.

गंज थांबवायचा तो डिस्कच्या टोपीवर, बाहेरच्या कडेवर आणि आतल्या हवेच्या फटींच्या तोंडाशी. हे भाग पॅडला कधीच लागत नाहीत, आणि ॲलॉय चाकाच्या काड्यांमधून दिसतात तेही हेच. चांगल्या डिस्क कारखान्यातूनच करड्या झिंक फ्लेकच्या, म्हणजे जस्ताच्या बारीक पापुद्र्यांच्या, थरात येतात. घासायच्या पट्ट्यावरचा थर पहिल्या काही किलोमीटरमध्ये पॅड काढून टाकतात, बाकी जागी राहतो. नवीन डिस्क घेताना तशीच मागा, पैसे थोडे जास्त जातात पण ते वसूल होतात. जुनी असेल तर टोपी वायर ब्रशने साफ करून, घासायचा पट्टा मास्किंग टेपने झाकून, जास्त उष्णता सोसणारा करडा किंवा काळा रंग मारा. सायलेन्सरसाठी मिळतो तो चालतो.

फक्त टोपीची आतली बाजू, जी हबवर टेकते, आणि वरची, जिच्यावर चाक टेकतं, त्या दोन्हींना रंग नको. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या गाडीला हौसेने हबसकट सगळं काळंभोर करून दिलं. दिसायला अशी झाली की त्याने मला शेवभाजी खाऊ घातली. दोन-अडीच महिन्यांनी तोच माणूस परत आला: कन्नड घाट उतरताना स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं. डगडग मोजायचं डायल गेज लावलं तर डिस्क डगडगत होती. डिस्कचा डगडगाट बहुतेक गाड्यांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच चालतो. माझा रंग एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ बसला होता, आणि हातमाऱ्याच्या थराला तेवढा फरक करायला काहीच लागत नाही. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. पण डिस्क प्रत्येक फेरीला पॅडला एकाच जागी चाटत राहते, तिथली जाडी कमी होते आणि मग थरथर सुरू होते. शिवाय चाकाखालचा रंग दबला, झडला की नटही ढिले पडतात. त्या गाडीला मी स्वखर्चाने डिस्क घातल्या. तेव्हापासून हबचा चेहरा एमरी पेपरने चकचकीत करून हातानेच तपासतो. गंजाचा एक कणसुद्धा तिथे रंगाइतकाच त्रास देतो.

आता कॅलिपर. तुमचा लाल रंग बिघडायची दोन कारणं दिसतात, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकच रंगाचं आहे.

पहिलं, डेंटिंग-पेंटिंगवाल्याने उरलेला बॉडीचा रंग मारला असणार. बॉडीचा रंग बोनेटवरच्या उन्हासाठी असतो. घाट उतरताना डिस्क तीनशे अंशांच्या पुढे सहज जाते. कॅलिपर तेवढा तापत नाही, पण बॉडीच्या रंगाला जडच जातं, आणि लाल रंगद्रव्यं उष्णतेने तपकिरी पडण्यात पुढे असतात. कॅलिपरचाच म्हणून रंग मिळतो तो घ्या, डब्यावर किती अंश सोसतो ते लिहिलेलं असतं.

दुसरं कारण ब्रेकची धूळ. पॅड आणि डिस्क झिजतात, त्यातले लोखंडाचे तापलेले बारीक कण रंगावर बसतात, रुततात आणि तिथेच गंजतात. म्हणजे कॅलिपर आतून गंजला नाही, त्याच्या अंगावर दुसऱ्याचा गंज बसला. खात्री करायची तर लोहकण काढणारा क्लीनर फवारा. लोखंड असेल तिथे तो जांभळा होऊन ओघळतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. चाक आणि डिस्क पूर्ण गार असतानाच, सावलीत, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं. पापुद्रे सुटले नसते तर तेवढ्यानेच तुमचे अर्धे पैसे वाचले असते.

पापुद्रे सुटले म्हणजे खाली तेल होतं किंवा गंज नीट निघाला नव्हता. रंगकामात रंग मारणं हे शेवटचं आणि सोपं काम. कॅलिपर उतरवा. तो नळीला लटकू देऊ नका, तारेने बांधा. सुकी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या जीपला ड्रममधले जुने लायनर, म्हणजे घासायचं अस्तर, असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. मग ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा.

इथे आपल्याकडची एक खोड सांगितलीच पाहिजे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, जे हाताला लागेल त्यात पार्ट बुडवायचा. चेसिसच्या कामाला ठीक. पण ब्रेकचं रबर ईपीडीएम जातीचं असतं. त्याला ब्रेक ऑइल चालतं, खनिज तेल अजिबात चालत नाही. डिझेल लागलं की सील पावसातल्या दारासारखं फुगतं, पिस्टन बाहेर येतो पण मागे जात नाही, आणि मग डिस्क तापून तापून तुमचा नवा रंगही जाळते. रंग जळालेल्या कित्येक कॅलिपरचं मूळ मला अडकलेल्या पिस्टनमध्ये सापडलंय. त्यामुळे एका बाजूचाच रंग गेला असेल तर आधी चाक उचलून हाताने फिरवून बघा, मग रंगाच्या दुकानात जा. तुमचे पापुद्रे एकाच कॅलिपरवर आहेत, म्हणून हे आधी करा.

गंज काढायला वायर ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग १२० किंवा १८०. सुटा ब्रॅकेट फारच गंजला असेल तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात काही तास बुडवा. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, लिटरला पन्नास-शंभर ग्रॅम. बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, लगेच सुकवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर. ओलं ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तांबडं झालेलं असेल. बोल्ट आणि स्प्रिंगा मात्र ॲसिडमध्ये नको.

मास्किंगला घाई नको. पिस्टन, त्याचा रबर बूट, हवा काढायचं ब्लीडर निपल, नळी, पॅडच्या खाचा, पिनांची भोकं, सगळं झाका. मग पातळ तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड एक हात मारला की वर कातडी धरते आणि आत ओलं राहतं. एक दिवस सुकू द्या. पहिले दोन-तीन दिवस गाडी हळूहळू तापवा, घाटात नेऊ नका, बरेचसे हे रंग तापूनच पक्के होतात.

ऋतूही बघा. मे महिन्यात भुसावळात पंचेचाळीस अंशांत दुपारी स्प्रे मारलात तर रंग हवेतच सुकून रवाळ बसतो, हात फिरवला की पॉलिश पेपर वाटतो. आषाढ-श्रावणात हवेतल्या ओलीने रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत सकाळी दहाच्या पुढे, हे आपल्याकडचं बेस्ट.

पावडर कोटिंग जास्त टिकतं हे खरं. पण ते १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. म्हणजे पिस्टन, सील, बूट, निपल सगळं काढून निव्वळ धातू द्यायचा आणि परत जोडताना नवीन सील किट घालायचं. थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. पॅडच्या खाचेत तो बसला तर पॅड आत जातच नाहीत, आणि ठोकून बसवले तर परत येत नाहीत. गेट-ग्रिलचं काम करणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. तुम्ही स्वतः उभे राहून भोकं आणि खाचा बंद करून घ्या.

क्रोम का नको? डिस्कवर क्रोम म्हणजे पॅडला धरायला काही नाही, आणि जे आहे ते सोलून निघणार. कॅलिपरच्या बिडात प्लेटिंगची ॲसिडं मुरतात आणि नंतर आतून फोड येतात. बोल्टचं प्रकरण सर्वांत वाईट. प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, बोल्ट ठिसूळ होतो आणि कसून बसवल्यावर काही दिवसांनी, कोणी हात न लावता, डोकं उडतं.

आणि त्या चकचकीत स्टेनलेस बोल्टांचं. मला तुमच्या जीपमध्ये सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटली, गंजाची नाही. मूळ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. बाजारातल्या स्टेनलेस बोल्टवर बहुधा ए२-७० लिहिलेलं असतं. १०.९ चा बोल्ट तुटायला दर चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन लागतात, ८.८ चा ८००, आणि ए२-७० चा ७००. सीटच्या रेलला, नंबर प्लेटला खुशाल लावा. कॅलिपरचा ब्रॅकेट ज्या दोन बोल्टांवर लटकतो तिथे मूळ ताकदीचेच, झिंकचा पिवळा किंवा करडा मुलामा कारखान्यातूनच आलेले घाला. डोक्यावर वरून रंगाचा ठिपका द्या, गंजत नाही आणि बोल्ट फिरला तर ठिपका तुटलेला दिसतो. हे काम उद्याच करा, बाकीचं थांबलं तरी चालेल.

सरकणाऱ्या पिनांना वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बाहेर काढा. मागच्याच आठवड्यात रावेरकडची एक पिकअप आली. पिन ओढली तर येईना, पाइप लावून फिरवली तेव्हा कचकन सुटली. आतलं ग्रीस डांबर झालेलं, बूट फाटलेला, पिनेच्या मधोमध गंजाची करंगळीएवढी पट्टी. केळीच्या बागांना पोटॅशच्या गोण्या नेणारी गाडी. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ, आणि ते ओल धरून लोखंडाला खातं. वर काळी माती चाकात लिंपण घातल्यासारखी बसते आणि आठवडाभर ओली राहते. अशा गाड्यांना आतून पाण्याचा साधा फवारा दर खेपेनंतर हवाच. पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचं पिवळं नको, कारण पुन्हा तेच, रबर फुगतं.

धुण्याबद्दलही दोन शब्द. वॉशिंग सेंटरला "खालून ऑइल मारू का?" विचारतात. माझ्याकडे एक जीप अशी आली होती की ब्रेक दाबला तरी ती आपली पुढेच. कुठल्याशा सेंटरवर गंज लागू नये म्हणून काळं ऑइल आणि डिझेल खालून फवारलं होतं, तेही चाकांसकट. पॅड फेकावे लागले, तेल प्यालेला पॅड घासून सुधारत नाही. ऑइल मारायचंच असेल तर चाकांना पोती बांधायला लावा. डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रेही तसाच, हात लावू नका. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी असेल तर सुकायच्या आत फडक्याने टिपा, नाहीतर पांढरे डाग पडतात. कॅलिपर ॲल्युमिनियमचे असतील तर ॲसिडवाला ॲलॉय क्लीनर त्यांच्यावरून जाऊ देऊ नका, त्यांना तांबडा गंज येत नाही पण पांढरी भुकटी येते.

धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर लगेच गाडी लावून टाकू नका. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात चार-पाच वेळा ब्रेक दाबा, डिस्क कोमट होऊन आपली आपण सुकते. घरी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाका आणि चाकामागे दगड लावा. ओला ड्रम आणि लायनर एकदा चिकटले की सोमवारी सकाळी हातोडी घेऊन बसायची वेळ येते.

ब्रेक ऑइल म्हणजे रंगाचा वैरी. डब्यावर डॉट ३ लिहिलेलं असो की डॉट ४, दोन्ही रंग उचकटतात. ब्लीडिंग करताना, म्हणजे नळीतली हवा काढताना, कॅलिपरला फडकं गुंडाळा, थेंब पडलाच तर पुसत बसू नका, पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. हेच ऑइल हवेतली ओल पितं आणि पिस्टनला आतून गंजवतं, ते बाहेरून कधीच दिसत नाही. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान १५५ च उरतो. दर दोन वर्षांनी बदला, लाल कॅलिपर असोत नाहीतर काळे.

तुमच्या खाचांच्या डिस्कबद्दल वाईट बोलणार नाही. दिसतात छान, आणि पाणी-धूळ काढतात. फक्त भोकं पाडलेल्या घेतल्या नाहीत ते बरं केलंत, तोरणमाळच्या उतारावर भोकांपासून चिरा सुटलेल्या डिस्क मी पाहिल्यात. जाता जाता, ड्रमच्या जागी डिस्क हा बदल कागदावर घेण्याबद्दल आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारखान्याच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय.

आत्ता पाऊस आहे तोवर रंगाला हात लावू नका. बोल्ट बदला, चाक उचलून दोन्ही बाजूंचं फिरणं बघा, पिना काढून ग्रीस करा. लाल रंगाचा डबा दिवाळीनंतर घ्या, आणि घेताना एकाच जागी दोन डबे घ्या. पुढच्या वर्षी तोच लाल मिळत नाही.